अ‍ॅपवरची प्रेमकथामाला पुस्तकरूपात आणताना: पुनर्लेखन आणि प्रकाशकाचा करार

कृष्णाकाठ

नमस्कार. गेली काही वर्षे मी एका वाचन-अ‍ॅपवर क्रमशः प्रेमकथा लिहिते आहे. त्यांपैकी मिरजेच्या पार्श्वभूमीवरची एक कथा वाचकांनी विशेष उचलून धरली आणि ती पुस्तकरूपाने यावी अशी मागणी वारंवार होऊ लागली, म्हणून मी सगळे भाग एकत्र करून ते एका प्रकाशकांकडे पाठवले. त्यांनी पुस्तक काढण्याची तयारी दाखवली आहे. मात्र त्यांच्या काही अटी आहेत आणि त्यांबाबत इथल्या अनुभवी मंडळींचे मत घेतल्याशिवाय मला होकार द्यायचा नाही.

कथा थोडक्यात सांगते. नायिका तंबोरे आणि सतारी घडवणाऱ्या घरातली आहे. जवारी काढण्याचे, म्हणजे तारांखालची घोडी घासून त्यांचा नाद जुळवण्याचे, काम तिला भावापेक्षा अधिक चांगले जमते, परंतु कारखाना भावाकडेच जाणार हे घरात सर्वांनी गृहीत धरलेले आहे. नायक जलसंपदा विभागात अभियंता असून बदलीवर सांगलीला आलेला आहे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात तो सांगलीत अडकतो, ती मिरजेत असते, आणि एरवी रिक्षाने सहज पार होणारे आठ-दहा किलोमीटरचे अंतर दोघांनाही ओलांडता येत नाही. पूर ओसरल्यावर ते भेटतात आणि तिथे कथा संपते.

प्रकाशकांचे म्हणणे असे की सध्याची एक लाख दहा हजार शब्दांची संहिता पंचाहत्तर हजारांपर्यंत खाली आणावी. प्रत्येक भागावर वाचकांचे प्रेम आहे, त्यामुळे कात्री कुठे लावावी हे मला समजत नाही. दुसरी अट अशी की पूर ओसरल्यानंतरच्या भेटीचे प्रकरण ‘सौम्य’ करावे, कारण तसे शारीरिक जवळिकीचे वर्णन असल्यास ग्रंथालये पुस्तक घेणार नाहीत असे त्यांना वाटते. तिसरी गोष्ट कराराची. मसुद्यात पुढील मजकूर आहे: ‘लेखिका या कादंबरीचे सर्व भाषांतील व सर्व माध्यमांतील सर्व हक्क प्रकाशकास कायमस्वरूपी देत आहे.’ मानधन दहा टक्के आहे आणि पहिल्या आवृत्तीच्या दोनशे प्रती मी स्वतः विकत घ्याव्यात असेही त्यात लिहिलेले आहे. कादंबरी छापली जाण्याची माझी ही पहिलीच वेळ आहे. कृपया मार्गदर्शन करावे.

जुईचा_वेल

कृष्णाकाठताई, आपली कथामाला मी अ‍ॅपवर पूर्ण वाचलेली आहे, त्यामुळे थोडे सविस्तर लिहिते. मी स्वतः बऱ्याच वर्षांपासून प्रेमकथाच लिहिते आणि माझ्याही दोन कादंबऱ्या आधी क्रमशः प्रसिद्ध झाल्या होत्या. क्रमशः लेखनातून कादंबरी होणे आपल्याकडे नवे नाही. हरिभाऊ आपट्यांनी १८९० मध्ये ‘करमणूक’ साप्ताहिक सुरू केले आणि त्यांच्या महत्त्वाच्या कादंबऱ्या तिथेच हप्त्याहप्त्याने आल्या. तेव्हा आपला मार्ग जुना आणि प्रतिष्ठित आहे, हे प्रथम मनात पक्के धरावे.

मात्र हप्त्याने वाचणारा आणि सलग वाचणारा यांच्या गरजा फार वेगळ्या असतात. आठवड्यातून एकदा येणाऱ्या वाचकाला मागचे आठवावे म्हणून आपण प्रत्येक भागाच्या सुरुवातीला थोडी उजळणी करतो, नायिकेच्या बोटांवरचे तारेचे घट्टे पुन्हा दाखवतो, नायकाला नागपूरची आठवण पुन्हा येऊ देतो आणि भागाच्या शेवटी फोन वाजवतो किंवा दारावर थाप पाडतो. सलग वाचताना हेच सारे खटकू लागते. माझा अंदाज आहे की आपल्या संहितेतले दहा-बारा हजार शब्द केवळ या उजळणीत आणि भागांच्या टोकांना आणलेल्या उत्कंठेत गेले असतील. ते काढताना कथेला धक्काही लागणार नाही.

त्यापुढची काटछाट मी अशी करते. संपूर्ण संहिता कागदावर छापून घेते आणि हातात पेन न घेता एकदा वाचून काढते. त्यानंतर प्रत्येक भागासाठी वहीत एकच ओळ लिहिते: या भागाच्या सुरुवातीला दोघे एकमेकांपासून कुठे होते आणि शेवटी कुठे आहेत? घटना कितीही घडोत, त्या दोघांमध्ये काही हलले नसेल तर तो भाग दुसऱ्या भागात मिसळतो किंवा जातो. आपल्या कथेतील पंढरपूरकडून भोपळे आणण्याच्या प्रवासाचे उदाहरण घ्या. वाद्यासाठी भोपळा कसा निवडतात, तो कसा वाळवतात, हे आपण फार सुंदर लिहिले आहे आणि ते ठेवलेच पाहिजे. परंतु त्या प्रवासात नायक बरोबर असूनही दोघांचे नाते जसेच्या तसे परत येते. त्याच प्रवासात तो तिला पहिल्यांदा तिच्या कामाविषयी नीट विचारतो असे केले, तर पुढचे दोन भाग आपोआप अनावश्यक ठरतील.

आता कथेच्या मुळाशी असलेली अडचण सांगते, आणि माझ्या मते शब्दसंख्येपेक्षा तीच मोठी आहे. आपण त्या दोघांमध्ये कृष्णेचा पूर आणला. तो खरा आहे, सांगलीकरांनी तो सोसला आहे, आणि त्याचे वर्णन वाचताना अंगावर काटा येतो. पण पाणी ओसरताच अडथळाही ओसरतो. पुराच्या आधी दोघांना एकमेकांविषयी जे वाटत होते तेच पुरानंतरही वाटते. मधल्या काळात कोणालाही काही ठरवावे लागलेले नाही. प्रेमकथा हाती घेणाऱ्या वाचकाला दोघे शेवटी एकत्र येणार हे पहिल्या पानापासून ठाऊक असते. त्याला पाहायचे असते ते हे की एकत्र येण्यासाठी प्रत्येकाला स्वतःमधले काय सोडावे लागले. खरा अडथळा आपल्याच कथेत तयार आहे. तिला मिरज आणि कारखाना सोडायचा नाही, कारण जवारीचा कान ही तिची एकमेव ओळख आहे आणि घराने ती मान्य केलेली नाही. त्याने कोणत्याच गावात तीन वर्षांहून अधिक काळ काढलेला नाही, आणि बदलीचा आदेश आला की निघायचे याची त्याला इतकी सवय झाली आहे की कुठे थांबण्याची इच्छा व्हावी याचीच त्याला भीती वाटते. या दोन स्वभावांची गाठ पुरामुळे पडली पाहिजे. समजा पुराच्या त्या दिवसांत त्याच्या बदलीचा आदेश आलेला आहे, आणि तो तिला कळवायचा की नाही याचा निर्णय त्याला फोनची बॅटरी संपण्याआधी घ्यायचा आहे. समजा इकडे भाऊ गावाबाहेर अडकला आहे, एका बुजुर्ग गायकांचा तंबोरा अर्धवट जवारी होऊन पडला आहे, आणि वडील प्रथमच तिला ते काम हाती घ्यायला सांगत आहेत. आता पाणी ओसरल्यावर भेट होईल तेव्हा दोघांनाही काहीतरी सांगायचे असेल, आणि ते सांगणे अवघड असेल.

हे बदल मी सुचवते म्हणून करू नका. आपली पात्रे आपल्याला अधिक ठाऊक. मात्र मी कोणतीही प्रेमकथा लिहिण्यापूर्वी दोघांसाठी स्वतंत्र पानावर तीन गोष्टी लिहून ठेवते: भेट होण्याआधी याला काय हवे होते, हा कशाला भितो, आणि शेवटी हा काय देऊन टाकणार आहे. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर सुचत नसेल तर मी लिहायला बसत नाही.

भेटीच्या प्रकरणाबद्दल माझे स्पष्ट मत असे आहे की प्रश्न सौम्य करण्याचा नसून नेमके करण्याचा आहे. सध्या त्या प्रकरणातील वर्णन कोणत्याही दोन प्रेमिकांचे होऊ शकेल. ती माणसाला आवाजावरून ओळखणारी मुलगी आहे. लाखेचा आणि पॉलिशचा वास तिच्या कपड्यांना आहे. तो चिखलातून आठवडाभर चालून आलेला, झोप न मिळालेला माणूस आहे. हे सारे त्या खोलीत आले पाहिजे. ते आले की काय ठेवायचे आणि काय गाळायचे हे आपले आपल्यालाच दिसेल, आणि प्रकाशकांशी बोलताना आपण प्रत्येक वाक्याचे समर्थन करू शकाल.

खिळेजुळारी

मी पुस्तकांच्या अक्षरजुळणीचे आणि मुद्रितशोधनाचे काम करतो. प्रकाशक पंचाहत्तर हजार शब्दांवर का अडून बसले आहेत, याचा हिशेब सांगितल्यास आपल्याला बोलणी करणे सोपे जाईल.

डेमी, म्हणजे कादंबऱ्यांच्या नेहमीच्या, आकाराच्या पानावर नेहमीच्या टंकात साधारण २८० शब्द बसतात. एक लाख दहा हजार शब्द म्हणजे जवळपास ४०० पाने, म्हणजे पंचवीस फर्मे (एका मोठ्या कागदावर एकत्र छापल्या जाणाऱ्या सोळा पानांचा एक फर्मा). पंचाहत्तर हजार शब्दांचे सतरा फर्मे होतात. कागद, छपाई आणि बांधणी यांचा खर्च फर्म्यांवर चालतो, आणि नवीन नावाच्या कादंबरीची किंमत एका मर्यादेपलीकडे गेली की विक्रेता ती मागवताना हात आखडता घेतो. पूर्वी मराठी कादंबरीची पहिली आवृत्ती हजार किंवा अकराशे प्रतींची असे. आता अनेक प्रकाशक डिजिटल छपाईवर तीनशे-पाचशे प्रतीच काढतात, त्यामुळे प्रतीमागचा खर्च आणखी वाढतो. तेव्हा ही अट आपल्या लेखनावरची टीका समजू नये. जुईचा_वेल यांनी सांगितल्याप्रमाणे पुनर्लेखन केल्यावर संहिता ऐंशी-पंच्याऐंशी हजारांवर थांबली, तर अठरा किंवा एकोणीस फर्म्यांसाठी प्रकाशक बहुधा तयार होतील. फर्म्याच्या भाषेत विचारा म्हणजे झाले.

एक तांत्रिक सूचना. आपण मोबाइलवर किंवा संगणकावर युनिकोडमध्ये लिहिले असणार. पुष्कळ छपाईगृहे अजून श्रीलिपीसारख्या जुन्या टंकव्यवस्थेत मजकूर रूपांतरित करून घेतात आणि त्या रूपांतरात रफार, जोडाक्षरे, अर्धा र आणि अवतरणचिन्हे हमखास बिघडतात. आपल्या कथेत संवाद भरपूर आहेत, म्हणजे अवतरणचिन्हेही भरपूर आहेत. रूपांतर झाल्यानंतरची मुद्रिते (प्रुफे) स्वतः पाहण्याचा आग्रह धरा आणि ती मूळ संहितेशी ओळीओळीने ताडून पाहा. मिरजेकडच्या बोलीतील संवाद प्रमाणभाषेत ‘दुरुस्त’ करू नयेत अशी सूचना संहितेच्या पहिल्या पानावर ठळकपणे लिहावी, कारण चांगल्या हेतूने काम करणारा मुद्रितशोधकसुद्धा ते बदलून टाकतो.

कलम_एकोणीस

मी बौद्धिक संपदेच्या कायद्याशी संबंधित काम करतो. प्रत्यक्ष मसुदा न पाहता अंतिम सल्ला देणे योग्य नव्हे, परंतु उद्धृत केलेल्या वाक्याबद्दल निश्चितपणे लिहिता येईल.

स्वामित्वहक्क अधिनियम, १९५७ अन्वये लेखकाचा हक्क त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतरच्या कॅलेंडर वर्षापासून साठ वर्षे टिकतो. ‘कायमस्वरूपी’ या शब्दाने आपण हा सगळा काळ देऊन टाकता, आणि तोही मालिका, चित्रपट, श्राव्यपुस्तक व अनुवाद यांच्यासह. प्रेमकथेच्या बाबतीत हे विशेष महत्त्वाचे आहे, कारण पडद्यासाठी आणि श्राव्य माध्यमासाठी अशा कथांना मागणी असते. हक्क देताना काय दिले, किती काळासाठी दिले आणि कोणत्या प्रदेशासाठी दिले, हे लेखी असले पाहिजे असे कलम १९ सांगते. मुदत लिहिलेली नसल्यास ती पाच वर्षे मानली जाते आणि प्रदेश लिहिलेला नसल्यास भारत एवढाच धरला जातो. याचा अर्थ कायदा गप्प असलेल्या करारात लेखकाच्या बाजूने उभा राहतो. स्पष्ट शब्दांत ‘कायमस्वरूपी’ लिहून सही केली की ते संरक्षण आपण स्वतःहून बाजूला सारतो. तसेच हक्क घेतल्यापासून एक वर्षाच्या आत घेणाऱ्याने त्यांचा वापर केला नाही, तर करारात वेगळे म्हटलेले नसल्यास न वापरलेले हक्क परत येतात. आपल्या मसुद्यात याला बगल देणारे एखादे वाक्य आहे का, ते अवश्य पाहा.

माझी सूचना अशी: प्रकाशकांना मराठी भाषेतील छापील आवृत्तीचा अनन्य, म्हणजे फक्त त्यांनाच असलेला, परवाना पाच किंवा सात वर्षांसाठी द्यावा. त्यांची ई-पुस्तक खरोखर काढण्याची तयारी असेल तर तो हक्क वेगळ्या टक्केवारीसह स्वतंत्रपणे नमूद करावा. अनुवाद, श्राव्य आणि दृश्य माध्यमांचे हक्क स्वतःकडे ठेवावेत. छापलेल्या, विकलेल्या आणि शिल्लक असलेल्या प्रतींचा लेखी हिशेब वर्षातून एकदा मिळावा. पुस्तक अनुपलब्ध झाल्यास हक्क परत येण्याचे कलमही हवे; मात्र हल्ली मागणीनुसार एकेक प्रत छापता येत असल्यामुळे ‘अनुपलब्ध’ कशाला म्हणायचे हे त्याच कलमात ठरवून घ्यावे, उदाहरणार्थ वर्षभरात अमुक प्रतींपेक्षा कमी विक्री झाल्यास. नाही तर पुस्तक कोणत्याही दुकानात नसूनही ते कागदोपत्री उपलब्धच राहते.

दहा टक्के मानधन पहिल्या कादंबरीसाठी अन्यायकारक म्हणता येणार नाही, पण ते छापील किमतीवर आहे की विक्रेत्याची सूट वजा जाता मिळणाऱ्या रकमेवर, हे लिहिलेले असले पाहिजे. दोनशे प्रतींची अट बेकायदेशीर नाही. तथापि आवृत्ती पाचशे प्रतींची असल्यास प्रकाशकांच्या जोखमीचा मोठा भाग आपण उचलत आहात, आणि मग सर्व हक्क त्यांच्याकडे जाण्याचे समर्थन आणखीच दुबळे होते. ही अट काढून टाकण्यास सांगावे. अगदीच मान्य करावी लागली तर त्या प्रती लेखक-सवलतीत मिळाव्यात आणि त्यांवरही मानधन लागू व्हावे.

जवळिकीच्या वर्णनाविषयी एक निकाल सांगण्याजोगा आहे. ‘रंभा’ मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकातील कथेवरून चंद्रकांत काकोडकर यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, उच्च न्यायालयाने त्यांना दोषी ठरवले, आणि १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. कथेकडे समग्रपणे पाहावे आणि समकालीन समाजाच्या धारणांचा विचार करावा, ही भूमिका तेव्हा एका मराठी प्रेमकथालेखकाच्या बाबतीत मांडली गेली. आता हा विषय भारतीय न्याय संहितेच्या कलम २९४ मध्ये येतो. आपले प्रकरण मी वाचलेले नाही, परंतु प्रेमकथेत जवळीक आहे एवढ्यावरून कायद्याची भीती बाळगण्याचे कारण नाही. प्रकाशकांचा मुद्दा विक्रीचा आहे आणि त्याची चर्चा विक्रीचा मुद्दा म्हणूनच व्हावी.

पुस्तकघर

विक्रीच्या मुद्द्यावर थोडे लिहितो. मी तालुक्याच्या गावातील ‘ब’ वर्गाच्या सार्वजनिक ग्रंथालयात ग्रंथपाल आहे. आमची खरेदी अनुदानातून होते आणि यादी ठरवताना समितीतील सदस्य पाने उलटून आक्षेपार्ह प्रकरणे शोधत बसत नाहीत. ते पाहतात किंमत, बांधणी, लेखकाचे नाव आणि मलपृष्ठावरचा मजकूर. प्रेमकथा आमच्याकडे सर्वाधिक फिरणाऱ्या पुस्तकांत असतात, आणि त्या नेणाऱ्यांत साठी ओलांडलेल्या वाचकांची संख्या लक्षणीय आहे. त्यांना प्रेमकथेत प्रेम असल्याचा धक्का बसत नाही. मलपृष्ठावर तंबोऱ्याच्या कारखान्याचा आणि पुराचा उल्लेख जरूर करा. आमचे वाचक गाव आणि व्यवसाय ओळखून पुस्तक उचलतात.

कृष्णाकाठ

सर्वांची मनापासून आभारी आहे. वहीत प्रत्येक भागासाठी एक ओळ लिहिण्याचे काम मी सुरू केले आहे आणि बदलीच्या आदेशाची कल्पना मनात रुजू लागली आहे; मात्र माझ्या कथेत तो आदेश तिला त्याच्याकडून न कळता वडिलांकडून कळेल असे वाटते, कारण वडिलांना तिच्या जाण्याची भीती तिच्या आधी जाणवलेली आहे. प्रकाशकांना परवान्याच्या स्वरूपातील करार, हिशेबाचे कलम आणि दोनशे प्रतींची अट वगळणे यांविषयी पत्र पाठवते.

एक शंका उरते. ई-पुस्तकाचा हक्क माझ्याकडे राहिला तर मी ते किंडलवर स्वतः प्रकाशित करू शकेन का, आणि त्यासाठी अ‍ॅपवरची कथामाला काढून टाकावी लागेल का? तिथल्या वाचकांना अचानक परके करणे मला आवडणार नाही.

कलम_एकोणीस

मराठीत किंडलवर स्वतः प्रकाशन करता येते. तिथे भारतातील विक्रीवर सत्तर टक्के मानधन हवे असल्यास पुस्तक ‘सिलेक्ट’ योजनेत ठेवावे लागते, आणि त्या योजनेच्या नव्वद दिवसांच्या मुदतीत तोच मजकूर डिजिटल स्वरूपात अन्यत्र उपलब्ध असून चालत नाही. योजनेबाहेर राहिल्यास भारतातील विक्रीवर पस्तीस टक्के मिळतात आणि अशी अट राहत नाही. छापील आवृत्तीला या अनन्यतेची अडचण येत नाही. मात्र कादंबरीचे पुनर्लेखन झाले तरी कथामालेतील मोठा भाग तसाच राहिला, तर तो अन्यत्र उपलब्ध मजकूरच ठरेल. म्हणून प्रथम अ‍ॅपच्या अटी वाचा: तिथे दिलेला परवाना अनन्य आहे का, आणि मजकूर काढून घेण्याची मुभा आहे का? तो अनन्य असल्यास किंडलच्याच नव्हे, तर छापील पुस्तकाच्या करारावरही सही करण्यापूर्वी अ‍ॅपकडून लेखी संमती घ्यावी लागेल, कारण हक्क पूर्णपणे आपल्याकडे आहेत अशी हमी प्रकाशक आपल्याकडून करारात घेणारच.

ई-पुस्तक स्वतः काढल्यास किंडलसाठी आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक) बंधनकारक नाही. तरीही तो हवा असेल तर राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडे ऑनलाइन अर्ज करावा. तो क्रमांक विनामूल्य मिळतो, त्यासाठी कोणी रक्कम मागत असल्यास देऊ नये. छापील पुस्तकाचा क्रमांक ई-पुस्तकाला वापरता येत नाही.

जुईचा_वेल

आदेश वडिलांकडून कळण्याची आपली कल्पना माझ्या कल्पनेपेक्षा पुष्कळच चांगली आहे. त्यामुळे वडिलांनाही काहीतरी सोडावे लागेल. कथामालेविषयी माझ्या दोन्ही वेळचा अनुभव असा आहे की (किंडलच्या ‘सिलेक्ट’ योजनेची अट आड येत नसेल तर) सुरुवातीचे काही भाग अ‍ॅपवर ठेवून पुढील कथा पुस्तकात आहे असे आदराने कळवले, तर वाचक रागावत नाहीत. बरेचजण दोन्ही रूपे ताडून पाहतात आणि काय बदलले याची पत्रे लिहितात. फक्त ते भाग किती असावेत हे छापील पुस्तकाच्या करारात ‘नमुना म्हणून विनामूल्य उपलब्ध ठेवण्याचा मजकूर’ अशा शब्दांत लिहून घ्या.